लिंबूटिंबू संघाशी खेळण्याआधी

शालेय स्पर्धांची कार्यक्रमपत्रिका हातात पडली की छत्रपती संभाजीनगर शहरातल्या नावाजलेल्या संघांची नजर ठरावीक जागी जाते. तगडा संघ आपल्या बाजूला आहे की पलीकडच्या, आणि तो नेमका कितव्या फेरीत समोर येतो, एवढंच आधी पाहिलं जातं. मधल्या फेऱ्यांतली नावं वाचली जातात, पण त्यांच्यावर कुणी थांबत नाही. खेळात कधी नाव न ऐकलेली एखादी शाळा असते. विभागीय फेरी असेल तर सोयगाव किंवा वैजापूरकडचं एखादं माध्यमिक विद्यालय असतं. तो सामना मनात तिथेच जिंकला जातो आणि चर्चा पुढच्या सामन्यावर सरकते.

हा लेख अशा संघांच्या कप्तानांसाठी, प्रशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. हरणाऱ्या संघाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. जिंकायची सवय असलेल्या संघाला मात्र सोप्या सामन्याआधी कुणी काही सांगत नाही, आणि नेमकी तेव्हाच सांगायची गरज असते. आपल्याकडच्या बहुतेक सांघिक शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एक सामना गेला की वर्ष गेलं. दहावी-बारावीच्या मुलांना मिळणारे सवलतीचे क्रीडा गुणही तुम्ही किती वरच्या स्तरापर्यंत पोहोचलात यावर अवलंबून असतात. जो सामना आपण मोजलाच नव्हता, तोच या सगळ्याचा निकाल लावून जातो.

प्रतिस्पर्ध्याला कमी लेखणं हा स्वभावाचा दोष आहे असं आपण धरून चालतो, आणि त्यावर उपाय म्हणून सामन्याआधी दोन मिनिटांचं भाषण देतो: गर्व करू नका, कुणाला हलक्यात घेऊ नका. मुलं माना डोलावतात आणि मैदानात उतरून तेच करतात. माझ्या मते यात मुलांच्या स्वभावाचा भाग थोडा आहे. त्यांच्याकडची माहिती जुनी असते, हे खरं दुखणं आहे. समोरचा संघ कमकुवत आहे हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं असतं किंवा कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि तेवढ्यावर आजचा अंदाज बांधलेला असतो. भाषणाने ही माहिती ताजी होत नाही. ती मिळवावी लागते.

आपल्याकडच्या स्पर्धेची रचनाही या अज्ञानाला हातभार लावते. महापालिका हद्दीतल्या शाळांची स्पर्धा वेगळी होते, तालुक्यांतून आलेल्या शाळांची जिल्हास्तरीय स्पर्धा वेगळी. दोन्हीकडचे विजेते एकमेकांसमोर येतात ते थेट विभागीय स्पर्धेत. पैठण, सिल्लोड, कन्नडचा संघ वर्षभर काय करत होता हे शहरातल्या संघाने पाहिलेलंच नसतं. त्या सकाळी दिसतं ते बाहेरचं रूप: वेगवेगळ्या छटांचे टी-शर्ट, पहाटेच्या एसटीने आल्यामुळे पेंगुळलेले चेहरे, मॅटवर चालताना जरा बिचकणारे पाय. तेवढ्यावरून मत बनवणं सोपं असतं.

जकार्ताच्या आधीचे आकडे

या विषयाचा सगळ्यात मोठा धडा आपल्या मातीतल्या खेळाने दिला आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताकडे आली. महिलांची कबड्डी २०१० मध्ये सुरू झाली, तिची पहिली दोन्ही सुवर्णपदकंही आपलीच. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्तात साखळी फेरीत दक्षिण कोरियाने भारतीय पुरुषांना २४-२३ असं हरवलं. उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असा धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्याच मुलींनी २७-२४ ने सुवर्ण नेलं.

त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात कबड्डी शिकवलेल्या या बाईंनी परदेशात जाऊन भाषा शिकून घेतली, सरावाला योगासनं आणि प्राणायामाची जोड दिली, आणि भारतीय संघाला हरवू शकेल असा संघ उभा केला. भारतीय मुली कशा खेळतात हे त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. आपल्याला मात्र इराणच्या मुली आता कशा खेळतात याचा पुरता अंदाज नव्हता.

तेव्हा सगळीकडे एकच सूर होता: अनपेक्षित पराभव. पण आकडे उलगडून पाहिले तर त्यात अनपेक्षित फारसं काही उरत नाही. २०१४ मध्ये इंचिऑनला पुरुषांचं सुवर्ण भारताने जिंकलं, पण अंतिम सामन्यात इराणशी गुणफलक होता २७-२५. दोन गुणांचा फरक म्हणजे एखादी पकड इकडची तिकडे. २०१६ मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असं हरवलं. पुढे अंतिम फेरीत भारताने इराणवर ३८-२९ ने मात करून चषक जिंकला, आणि त्या आनंदात सलामीचा पराभव मागे पडला. दरम्यान कोरियाचा जांग कुन ली बंगाल वॉरियर्सकडून, इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडून प्रो कबड्डीत खेळत होते. आपल्या अव्वल चढाईपटूंच्या सवयी, त्यांचा आवडता कोपरा, दमल्यावर कुठे चुकतात, हे ते सरावात रोज जवळून पाहत होते. सगळं उघड्यावर चाललं होतं.

इथून प्रत्येक संघाला उचलता येईल अशी एक सवय आहे. निकाल लिहून ठेवण्याऐवजी फरक लिहून ठेवा. साध्या वहीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी एक पान ठेवा. तारीख, वयोगट, किती गुणांनी किंवा गोलांनी जिंकलो, मध्यंतराला स्थिती काय होती, त्यांच्याकडून जास्त गुण कुणी घेतले. ज्या संघाला गेल्या वर्षी वीस गुणांनी हरवलं त्याला यंदा सहा गुणांनी हरवलं असेल, तर विजयाची पाटी दोन्ही वर्षी सारखीच दिसते, पण ते पान पाहणाऱ्याला पुढच्या वर्षाचा अंदाज आलेला असतो. विजय हा फरक झाकून टाकतो. हरलेल्या सामन्याची चिरफाड सगळे करतात. काठावर जिंकलेल्या सामन्याची करणारा प्रशिक्षक विरळा, आणि मला तोच मोठा वाटतो.

भारताच्या महिला संघाने पुढच्या वेळी ही चूक केली नाही, हेही इथेच सांगायला हवं. २०२३ मध्ये हांगझोऊला चायनीज तैपेईविरुद्धचा साखळी सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला. कबड्डीत तैपेईचं नाव आपल्याकडे कितीजणांना ठाऊक होतं? अंतिम फेरीत तोच संघ पुन्हा समोर आला आणि भारताने तो सामना २६-२५ असा, एका गुणाने जिंकला. बरोबरीतून मिळालेला इशारा त्यांच्या कामी आला, असं मी मानतो.

शाळेच्या पातळीवर तर जुनी माहिती आणखी लवकर शिळी होते. स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत चालतात. गेल्या वर्षी सतराच्या गटात पहिल्याच फेरीत हरलेल्या शाळेत यंदा चौदाच्या गटात गाजलेली पोरं वर सरकलेली असू शकतात. गावात बदलून आलेला एखादा क्रीडाशिक्षक सहा महिन्यांत संघाचा चेहरा बदलतो. तालुक्यातली कितीतरी मुलं शिकायला शहरात राहतात, इथल्या क्लबमध्ये सराव करतात आणि सुट्टीत गावच्या संघातल्या धाकट्या भावंडांना शिकवतात. म्हणून सामन्याआधी निदान चार गोष्टी विचारून घ्या: संघात नवीन कोण, प्रशिक्षक तोच आहे का, आदल्या फेरीत कुणाला आणि किती फरकाने हरवलं, आणि त्यांचे गुण कुठून येतात. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लहान संघाकडे बऱ्याचदा एकच अफलातून खेळाडू असतो आणि सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. तो कोण हे आधी कळलं तर अर्धं काम होतं. सामना सुरू झाल्यावर कळलं तर तोवर पाच-सात गुण गेलेले असतात.

शक्य असेल तर त्यांचा आदल्या फेरीतला सामना एका राखीव खेळाडूला पूर्ण बघायला सांगा. मोबाइलवर चित्रीकरण आजकाल सगळेच करतात, पण नंतर ते पाहतो कोण? त्या मुलाला फक्त तीन वाक्यं लिहून आणायला सांगा: कुणाला थांबवायचं, कुठे मारायचं, कशापासून सावध राहायचं. मुलं हे काम मन लावून करतात, आणि राखीव खेळाडूलाही आपण संघात आहोत असं वाटतं.

शरीरावरून अंदाज बांधायची सवयही मोडून काढा. ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणून ओळखले गेलेले गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. उंचीपुऱ्या पोरांचा संघ पाहून आपली मुलं दबतात आणि बारक्या पोरांचा संघ पाहून सैलावतात. दोन्ही वेळा नजर चुकीच्या जागी गेलेली असते.

गाफीलपणा कुठे दिसतो

२९ फेब्रुवारी १९९६ ला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर क्रिकेट विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं. केनियाची ती पहिलीच विश्वचषक स्पर्धा, आणि आधीचे तिन्ही सामने त्यांनी गमावलेले. समोर लारा, रिचर्डसन, अँब्रोज, वॉल्श. नाणेफेक जिंकून वेस्ट इंडिजने केनियाला फलंदाजी दिली आणि १६६ धावांत गुंडाळलं. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं वाटतं. पण धावफलकातली एक ओळ पाहा. केनियाच्या डावातली सर्वाधिक धावसंख्या कुणा फलंदाजाची नव्हती. स्टीव्ह टिकोलोच्या २९ सर्वांत जास्त, आणि अवांतर धावा ३७. नोबॉल आणि वाइड यांची खैरात झाली होती. मग वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत संपला. लारा रजब अलीच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन ८ धावांवर परतला. चंदरपॉल आणि हार्पर सोडले तर कुणाला दोन आकडी धावाही जमल्या नाहीत. ७३ धावांनी पराभव.

हाच संघ पुढच्या दोन आठवड्यांत ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून उपांत्य फेरीत गेला. म्हणजे ताकद होती. त्या दिवशी ती मैदानात उतरली नाही, आणि त्याची पहिली खूण लाराच्या बाद होण्याच्या कितीतरी आधी, अवांतर धावांच्या रकान्यात उमटली होती.

प्रशिक्षकाने अशा रकान्यांवर डोळा ठेवावा. प्रत्येक खेळात ते असतात. क्रिकेटमध्ये नोबॉल-वाइड. कबड्डीत रेषेबाहेर पाय जाऊन फुकट दिलेले गुण आणि बोनसकडे केलेलं दुर्लक्ष. खो-खोत खो देताना होणाऱ्या चुका. व्हॉलीबॉलमध्ये जाळ्यात गेलेली सर्व्हिस. या चुका प्रतिस्पर्धी करवत नाही. लक्ष नसलं की त्या आपल्या आपण होतात, म्हणूनच मनाच्या सैलपणाचं मोजमाप त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कशाने होत नाही. सोप्या समजल्या गेलेल्या सामन्यात पहिल्या पाच मिनिटांत अशा दोन-तीन चुका दिसल्या तर वाट पाहू नका. टाइम-आउट घ्या, गरज पडली तर नावाजलेल्या खेळाडूलाही दोन मिनिटं बाहेर बसवा. पुढे बघू म्हणत बसलं की पुढे बघायला वेळ उरत नाही.

याचं मूळ बरेचदा सामन्याच्या आधीच्या अर्ध्या तासात असतं. मोठ्या सामन्याआधी संघ घाम येईपर्यंत अंग गरम करतो, आणि लहान सामन्याआधी तीच मुलं बूट बांधत गप्पा मारत असतात. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात स्पर्धेच्या सकाळी लवकर जाऊन मैदानाच्या कडेला उभे राहा, म्हणजे कुठला संघ आपला सामना सोपा समजतोय हे शिट्टी वाजण्याआधी ओळखता येईल. म्हणून नियम करा की अंग गरम करण्याचा क्रम, वेळ आणि जोर कुठल्याही सामन्याआधी तोच राहील. हीच गोष्ट जेवणाची, झोपेची आणि मैदानावर पोहोचण्याच्या वेळेची.

संघनिवडीबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. सोप्या सामन्यात राखीव खेळाडूंना खेळवणं चूक नाही. उलट ते करायलाच हवं, नाहीतर ती मुलं वर्षभर पाण्याच्या बाटल्या आणत बसतात. पण मुख्य खेळाडूला विश्रांती द्यायची की नाही हे त्याचं शरीर आणि पुढचं वेळापत्रक पाहून ठरवा, प्रतिस्पर्ध्याचं नाव पाहून नाही. सगळे राखीव एकदम उतरवू नका. दोघा-तिघांना अनुभवी मुलांच्या शेजारी उभं करा. आणि ‘तुम्हाला संधी देतोय कारण समोर कुणी नाही’ असं चुकूनही बोलून दाखवू नका. त्या एका वाक्यात दोन संघांचा अपमान होतो.

सामना समोरचा ठरवतो तेव्हा

ताकदीने कमी असलेला संघ आपला खेळ खेळत नाही, हे लक्षात घेतलं तर पुष्कळ गोष्टी सुटतात. तो सामना लहान करतो, संथ करतो, आपल्याला नको असलेल्या जागी ओढून नेतो. कबड्डीत असा संघ एकामागून एक रिकाम्या चढाया करतो आणि तुम्हालाही तसंच करायला लावतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, आणि तिथे तुमचा चढाईपटू घाईत आत शिरतो. त्यांच्याकडे तीनच बचावपटू उरलेले असतात, आपल्याला लोणचे वेध लागलेले असतात, आणि तीन किंवा त्याहून कमी जणांत केलेल्या पकडीचा एक गुण जास्त मिळतो. सोपा वाटणारा सामना बहुधा अशा अव्वल पकडींमुळेच उलटतो. म्हणून समोर कमी खेळाडू उरले की आपल्या चढाईपटूंचा ठरलेला धडा असावा: मधोमध घुसायचं नाही, कडेकडेने, एकेक गुण घेत यायचं.

आपलं शहर १६१० मध्ये खडकी या नावाने ज्याने वसवलं तो मलिक अंबर अशाच लढायांसाठी ओळखला गेला. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या तेव्हा त्याने तलाव फोडून पाणी सोडलं, वाटांचा चिखल केला आणि आधी त्यांची हालचाल बंद पाडली. अशा प्रतिस्पर्ध्याच्या संथपणाला बेफिकिरी समजू नका. तो संथपणा हीच त्याची चाल असते.

त्यावर उतारा एकच, घड्याळ आपल्या हातात ठेवणं. सामन्याची सुरुवात आपल्या वेगाने करा आणि पहिल्या काही मिनिटांत पूर्ण ताकद लावा. ‘आधी अंदाज घेऊ’ हे धोरण बरोबरीच्या संघासमोर ठीक आहे. लहान संघासमोर ते महागात पडतं, कारण पहिली दहा मिनिटं बरोबरीत गेली की त्यांचा आत्मविश्वास वाढतो आणि प्रेक्षकही त्यांच्या बाजूने होतात. आपल्याकडे प्रेक्षक नेहमीच धाकट्याच्या बाजूने ओरडतात, आणि ते चांगलंच आहे.

आघाडी मिळाल्यावर दुसरा धोका सुरू होतो. वानखेडेवर ७ नोव्हेंबर २०२३ ला अफगाणिस्तानने ऑस्ट्रेलियासमोर २९२ धावांचं आव्हान ठेवलं होतं आणि ऑस्ट्रेलियाचे सात गडी ९१ धावांत परतले होते. मैदानात उरला होता ग्लेन मॅक्सवेल, आणि काही वेळाने पायात पेटके येऊन त्याला धावणंही अशक्य झालं. ३३ धावांवर मुजीबच्या हातून त्याचा झेल सुटला. त्याने २०१ धावा केल्या, पॅट कमिन्सने दुसऱ्या टोकाला ६८ चेंडूंत १२ धावा करत साथ दिली आणि ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. इथे गाफील राहायची पाळी अफगाणिस्तानवर आली होती, जो संघ एरवी स्वतः कमी लेखला जातो. कमकुवत कोण हे सामन्याच्या मध्यावर बदलू शकतं. लंगडणारा प्रतिस्पर्धी म्हणजे संपलेला प्रतिस्पर्धी असं धरलं की क्षेत्ररक्षक दोन पावलं मागे उभे राहतात.

पूर्ण जोर लावून खेळलो तर लहान संघाचा अपमान होतो, असं काही भल्या प्रशिक्षकांना वाटतं. मला ते पटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारतीय महिला संघाची कप्तान मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली, प्रियांका इंगळे. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाच्या मुलींवर तिच्या संघाने १७५-१८ असा विजय मिळवला. कोरियाच्या मुली या खेळात नवख्या. त्यांच्यासमोर थट्टा-मस्करी करत, दया दाखवत खेळणं हा खरा अपमान झाला असता. पूर्ण वेगाने खेळणाऱ्या संघासमोर उभं राहून त्या जे शिकल्या असतील ते दुसरीकडे शिकताच आलं नसतं. आणि पुढे नेपाळविरुद्धचा अंतिम सामना ७८-४० असा जिंकणाऱ्या संघाचा सराव त्याच दिवसापासून सुरू होता.

तलवारबाज मुलांसाठी यात एक जास्तीची गोष्ट आहे, आणि आपल्या शहरात ती सांगायलाच हवी. विद्यापीठाच्या परिसरातलं साई केंद्र आणि शहरातले क्लब यांच्यामुळे इथे फॉइल, एपी, सेबर खेळणारी मुलं भरपूर आहेत. सुरुवातीच्या गटातल्या लढती पाच-पाच टचच्या असतात, आणि बाद फेरीतला तुमचा क्रमांक किती लढती जिंकलात यावर, आणि त्यात बरोबरी झाली तर दिलेल्या-घेतलेल्या टचच्या फरकावर ठरतो. नवख्या मुलाला ५-४ ने हरवलं की ५-० ने, हे विजयाच्या रकान्यात सारखंच दिसतं. पण ते चार टच पुढे क्रमवारीत खाली ओढतात आणि बाद फेरीत पहिल्यालाच एखादा कसलेला खेळाडू समोर येतो. सोप्या लढतीत खेळत खेळत दिलेल्या टचची किंमत अवघड लढतीत भरावी लागते.

आणि तरीही कधीतरी आपण मागे पडतोच. लहान संघाविरुद्ध मागे पडणं मोठ्या संघाविरुद्ध मागे पडण्यापेक्षा वेगळं असतं, कारण त्यात लाज मिसळलेली असते. लाजेने मुलं घाई करतात, पंचांशी वाद घालतात, एकमेकांवर खेकसतात. अशा वेळी कप्तानाने ‘अरे, यांच्याशी हरतोय आपण!’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नये. त्याऐवजी पुढच्या दोन मिनिटांसाठी एकच काम सांगावं, लहान आणि नेमकं: त्यांच्या नऊ नंबरला बोनस घेऊ द्यायचा नाही, किंवा पुढची दोन षटकं फक्त एकेरी धावा. गुणफलकावरून नजर काढून समोरच्या कामावर लावणारा कप्तान अशा दिवशी संघाला वाचवतो.

पालकांसाठीही थोडं. सामन्याच्या आदल्या रात्री ‘उद्याचा तर सोपाच आहे’ असं म्हणू नका, आणि जिंकून आल्यावर ‘त्यांच्यात काय दम होता’ असंही नको. पहिल्या वाक्याने मूल ढिलं पडतं, दुसऱ्याने त्याने केलेली मेहनत पुसली जाते. त्यापेक्षा समोरच्या संघातलं कोण चांगलं खेळलं, असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून मूल पुढच्या वेळी नीट बघायला लागतं.

ज्यांना कमी लेखलं जातं त्यांच्याकडे जा

मराठवाड्याने स्वतः ही बाजू भरपूर पाहिली आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६ ऑगस्ट २०२२ ला तीन हजार मीटर स्टीपलचेसला उभा राहिला, तेव्हा १९९८ पासूनची त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत आला होता. साबळे ८:११.२० मध्ये दुसरा आला. पहिल्या आलेल्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८:११.१५. सेकंदाच्या पाच शतांश भागाचं अंतर. या शर्यतीकडे आपण साबळेचा पराक्रम म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण वरचढ संघांनी किबिवोटकडेही पाहावं. शेवटच्या अडथळ्यानंतर तो रेषेपर्यंत जीव तोडून पळाला. दोन पावलं आधी सैल पडला असता तर सुवर्ण बीडला आलं असतं.

२०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात नागपूरची दिव्या देशमुख पंधराव्या मानांकनाने बाटुमीला गेली. दुसऱ्या मानांकनाची चू जिनर, माजी जगज्जेती तान झोंगयी आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी यांना मागे टाकून एकोणिसाव्या वर्षी तिने विश्वचषक जिंकला. मानांकनाचा आकडा मागच्या कामगिरीवरून काढलेला असतो. समोर बसलेली मुलगी त्यानंतर किती पुढे गेली, हे त्यात दिसत नाही.

शहरातल्या संघांना माझा शेवटचा सल्ला सरळ आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, पाऊस उघडला की, फुलंब्री किंवा खुलताबाद तालुक्यातल्या एखाद्या शाळेशी सराव सामना ठरवा, आणि तो त्यांच्या मैदानावर. त्यांना इकडे बोलावू नका, तुम्ही जा. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या मुलांना मातीवर अनवाणी खेळायला लावा. मातीत पाय वेगळा रुततो, वळताना घसरतो, पकडीत अंग सोलवटतं. तिथल्या मुलांना मॅटची सवय नाही म्हणून आपण त्यांना कच्चं समजतो. मातीवर आपली मुलं किती मिनिटं टिकतात ते त्यांना स्वतःच पाहू द्या. सामना झाला की दोन्ही संघांना एकत्र जेवायला बसवा, त्यांच्या क्रीडाशिक्षकांकडून सरावाची पद्धत समजून घ्या, आणि परतीच्या गाडीत वहीत त्या शाळेच्या नावाचं नवं पान सुरू करा.